फायरवॉल ओरडते तेव्हा ती नेमकं काय सांगत असते?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी माझ्या रूममेटवर हॅकिंगचा आळ घेतला होता. लॅपटॉपवर नवीन फायरवॉल टाकली होती आणि दर थोड्या वेळाने एकच सूचना यायची: १९२.१६८.१.७ कडून आलेलं कनेक्शन अडवलं. प्रोजेक्ट जमा करायला दोन दिवस उरलेले, सगळा डेटा याच मशीनवर. घरात आम्ही दोघंच. मग दुसरं कोण असणार? "अरे, मला एक्सेलमध्ये बेरीज धड जमत नाही, मी तुझा लॅपटॉप कुठून हॅक करू?" असं म्हणून तो उठून गेला आणि आठवडाभर बोलला नाही.

ती सूचना आज पुन्हा वाचूया. तिच्यात तीन गोष्टी होत्या आणि मी फक्त पहिली वाचली होती.

पहिली, कुठून? १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये असे तीन गट राखून ठेवले आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, त्यामुळे पाठवणारा बहुधा आपल्याच राउटरला जोडलेला असतो. १२७.०.०.१ दिसला तर तो आपलाच संगणक स्वतःशी बोलतोय. ज्युपिटर नोटबुक उघडता तेव्हा हेच होतं.

दुसरी, कुणाकडे? माझ्या लॉगमध्ये तिथे २३९.२५५.२५५.२५० होतं. हा माझा पत्ता नव्हताच! हा मल्टिकास्ट पत्ता आहे. वाड्याच्या चौकात उभं राहून "कोण कोण आहे रे घरात?" अशी हाक मारावी, तसा.

तिसरी, कोणत्या पोर्टवर? १९००. आपल्या नेटवर्कवर कोणती उपकरणं आहेत हे शोधायला टीव्ही, राउटर, फोन हे पोर्ट वापरतात. ५३५३ वरही असाच शोध चालतो, प्रिंटर बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मग .७ कोण? राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. त्यात .७ म्हणजे हॉलमधला स्मार्ट टीव्ही निघाला. तरी खात्री म्हणून टीव्ही बंद केला, सूचना थांबल्या. चालू केला, परत सुरू. एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, एवढा साधा प्रयोग मी रूममेटशी भांडण्याआधी करायला हवा होता.

असे खोटे इशारे इतके का येतात? समजा, एक लाख कनेक्शनपैकी दहाच खरी घातक आहेत. फायरवॉल ती दहाही पकडते, पण निर्धोक कनेक्शनपैकी एक टक्क्यावर चुकून ओरडते. म्हणजे सुमारे हजार खोटे इशारे आणि दहा खरे. इशारा आला तरी धोका खरा असण्याची शक्यता जेमतेम एक टक्का! स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणालींबद्दल हाच मुद्दा मांडला होता. दुर्मीळ गोष्ट शोधणाऱ्या कुठल्याही चाचणीला तो लागू पडतो, मग तुमचा विषय जीवशास्त्र असो की अर्थशास्त्र.

पण म्हणून "लोकल आहे ना, मग सोडून द्या" असंही नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय एका संगणकातून त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्यात ४४५ या पोर्टवरून पसरत होता. फाइल शेअरिंग वापरत नसताना शेजारचं मशीन पुन्हा पुन्हा तुमच्याच पत्त्यावर ४४५ ठोठावत असेल, तर त्या मशीनची तपासणी कराच. हॉस्टेल किंवा कॅफेच्या वायफायवर विंडोजने विचारलं, तर नेटवर्क 'पब्लिक' ठेवा. आणि विंडो दिसली की न वाचता 'अलाऊ' दाबू नका, तसंच सरसकट 'ब्लॉक'ही करू नका. मी सगळं ब्लॉक केलं होतं, तेव्हा ऐन सबमिशनच्या दिवशी वायफायवरचा प्रिंटर सापडेना.

पुढच्या वेळी सूचना आली की वहीत तीन रकाने आखा: कुठून, कुणाकडे, कोणत्या पोर्टवर. चौथा रकाना 'म्हणजे काय?' असा ठेवा, पण तो सगळ्यात शेवटी भरा. मी तो आधी भरला होता. रूममेटची माफी मागायला मग टीव्हीचा रिमोट हातात घेऊनच गेलो.