पिंपातील विष आणि कागदावरील शुद्धता

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी १४ रुग्ण दगावले, ते व्याधीने नव्हे, औषधाने. मेंदूतील दाब उतरावा म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक मिसळलेले होते. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषध प्रशासनाच्या अनास्थेची लक्तरे चव्हाट्यावर आली. तरीही हे विष हटले नाही. मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात २०२५ साली खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्या औषधाच्या नमुन्यात हेच द्रव्य ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे!

हे विष ओळखणे इतके दुष्कर आहे काय? ग्लिसरीनप्रमाणेच ते रंगहीन, दाट व गोड असल्याने डोळे आणि जीभ फसतात, हे खरे. प्रयोगशाळा मात्र फसण्याचे कारण नाही. १९५२ पासून ज्ञात असलेल्या वायू-वर्णलेखन पद्धतीत नमुन्याची वाफ करून ती निष्क्रिय वायूबरोबर लांब, बारीक नळीतून नेतात. प्रत्येक घटक आपापल्या ठराविक वेळी बाहेर पडतो आणि आलेखावर त्याचे शिखर उमटते. शिखराच्या क्षेत्रफळावरून प्रमाण कळते. एवढे यंत्र नसेल तेथे सिलिका जेलचा लेप दिलेल्या काचपट्टीवरही प्राथमिक परीक्षा होऊ शकते.

उणीव आहे ती प्रश्न विचारण्याची. कोणतीही चाचणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. औषधात मूळ गुणकारी द्रव्य किती, एवढेच पाहिले तर ते पुरेपूर भरेल आणि द्रावकाच्या रूपाने आलेला मारेकरी शेजारी सुखरूप बसलेला असेल. कच्च्या मालाच्या प्रत्येक तुकडीची तपासणी करणे नियमानुसार उत्पादकावर बंधनकारक आहे. परंतु पिंप अनेक हातांतून फिरत येते आणि त्याबरोबरचे प्रमाणपत्र हीच तपासणी मानली जाते. कागदाने शुद्धता सिद्ध होत नाही.

गांबियातील सुमारे ७० बालकांच्या मृत्यूंनंतर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतीय बनावटीच्या काही औषधांबाबत इशारा दिला. १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारी वा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची झाली. छिंदवाड्याची बालके त्यानंतर दोन वर्षांनी दगावली, तीही देशातच विकल्या गेलेल्या औषधाने. परदेशी जाणाऱ्या बाटलीला जी कसोटी, ती घरच्या बालकाच्या बाटलीला का नको होती?

अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्याने शंभरावर माणसे मेली. पुढच्याच वर्षी तेथे नवा औषध कायदा आला. आपल्याकडे कायदा आहे, यंत्रे आहेत, रसायनज्ञही आहेत. लहान उत्पादकांसाठी सामाईक प्रयोगशाळा उभारणे आणि प्रत्येक पिंपाचा नमुना ते कढईत रिते होण्यापूर्वी तपासणे, एवढे तरी शासनाने कसोशीने करून घेतले पाहिजे. शवविच्छेदनानंतर केलेले पृथक्करण कितीही अचूक असले, तरी ते उशिराचेच असते.