हातावरची मॅन्टूची सूज काय सांगते?

घरात एखाद्याला टीबी निघाला की दवाखान्यातून निरोप येतो, घरातल्या सगळ्यांना तपासणीला आणा. मग कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, कातडीतच, बारीक सुई टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी हात दाखवायला परत बोलावतात. भोसरीत किंवा चाकणला ठेकेदाराकडे रोजावर असलेल्या माणसाला हा दुसरा हेलपाटा जड जातो, खाडा पडतो. म्हणून पुष्कळजण जातच नाहीत. आणि जे जातात त्यांना हातावर सूज दिसली की धडकी भरते. सूज आली म्हणून पोराचे ताट-वाटी वेगळे करणारी घरेही आहेत. तसे करण्याचे काहीच कारण नाही. का, ते पाहू.

ही सूज टीबीचे जंतू करत नाहीत. टोचलेल्या औषधात जिवंत जंतू नसतोच, जंतूपासून काढलेली प्रथिने तेवढी असतात. सूज करतात आपल्याच रक्तातल्या टी पेशी. या पेशी हाडांच्या मगजात जन्मतात आणि छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे तयार होतात. थायमसचा 'टी' म्हणून नाव टी पेशी. तिथली परीक्षा मोठी कडक असते. जी पेशी आपल्याच शरीरावर उलटेल ती बाद, जिला काहीच ओळखता येत नाही तीही बाद. शंभरातल्या जेमतेम दोन-चार पास होऊन बाहेर पडतात.

कंपनीत क्वालिटीच्या टेबलावर गेज असते. एका गेजमध्ये एकाच मापाचा जॉब बसतो. टी पेशीचेही तसेच. प्रत्येकीच्या अंगावरचे गेज एकाच प्रकारच्या तुकड्याचे, आणि अशी लाखो निरनिराळी गेजे अंगात फिरत असतात. जंतूच्या ज्या भागावरून शरीर त्याला ओळखते त्याला प्रतिजन म्हणतात. पण टी पेशीला आख्खा जंतू दिसत नाही. दुसऱ्या पेशी जंतूला गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एक तुकडा अंगावर धरून जवळच्या लसिका गाठीत नेऊन दाखवतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ना, ती हीच गाठ. तिथे हजारो टी पेशी तो तुकडा तपासून पुढे जातात. ज्या एखादीला तो बसतो ती थांबते, वाढते आणि एकीच्या हजारो होतात.

टीबीच्या बाबतीत हे काम सावकाश चालते, कारण तो जंतूच मुळी सावकाश वाढतो. श्वासातून जंतू शिरल्यापासून चाचणीत दिसण्याइतकी फौज तयार व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणून घरात रोगी सापडल्यावर लगेच केलेली चाचणी कोरी आली तरी काही वेळा दोन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. तयार झालेल्या पेशी छातीत जाऊन, जंतू गिळून बसलेल्या पेशींना जोर देतात, आणि जंतूभोवती कुंपण पडते. बहुतेकांचा जंतू त्या कुंपणात आयुष्यभर निपचित राहतो. काम संपले की फौजेतल्या बऱ्याच पेशी मरतात. उरलेल्या थोड्या वर्षानुवर्षे फिरत राहतात. ती आठवण.

फ्रेंच डॉक्टर शार्ल मॅन्टू यांनी १९०८ साली सांगितलेली ही चाचणी त्याच आठवणीला हाक मारते. आठवणीच्या पेशी थोड्या आणि अंगभर पांगलेल्या. त्या हातापाशी पोचणार, तुकडा ओळखणार, इतरांना बोलावणार, यात ४८ ते ७२ तास जातात. म्हणून तो दुसरा हेलपाटा. तिथे लाली मोजत नाहीत, बोटाला लागणारा कडकपणा मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण १० किंवा जास्त भरला तर जंतूशी ओळख झालेली आहे, असे धरतात. ओळख झाली म्हणजे आजार झाला असे नाही. ते ठरते खोकला, ताप, वजन, एक्स-रे आणि बेडक्यावरून.

(हीच आठवण कधी नको त्या वस्तूचीही बसते. सिमेंटमधल्या क्रोमियमने गवंड्याच्या हाताला चट्टे येतात, निकेलच्या खोट्या दागिन्याने कानाची पाळी चिघळते. कामही टी पेशींचेच.)

बाळाच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण म्हणजे मुद्दाम दिलेली ओळख. १९२१ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा दिलेली ही लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून चांगले वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीला मात्र ती पुरत नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात १९६८ पासून झालेल्या फार मोठ्या पाहणीत तेच दिसले. बीसीजीमुळेही मॅन्टूला सूज येऊ शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सी-टीबी ही नवी चाचणी, जिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, बीसीजीत नसलेली प्रथिने वापरते, त्यामुळे तो घोळ टळतो.

आता खरी काळजीची गोष्ट. जंतू आत असलेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांना पुढे कधीतरी आजार होतो, तो बहुधा कुंपण ढासळल्यावर. एचआयव्ही तर टी पेशींनाच मारतो. त्याखेरीज साखरेचा आजार, विडी-सिगारेट, दारू, फाउंड्रीतल्या वाळूची धूळ, आणि सगळ्यांत सर्रास असलेली उपासमार. अंगावर मांस नसेल तर टी पेशी तरी कशातून वाढणार? झारखंडमध्ये टीबी रोग्यांच्या घरच्यांना दरमहा जादा धान्य-डाळ दिली तेव्हा त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. टीबीचे औषध नाही, सुई नाही, मुख्यतः जेवण! रोग्याला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारे पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत. ते बँकेत येतात की नाही, पासबुक भरून पाहा.

फार अशक्त माणसाला, किंवा गोवर नुकताच होऊन गेलेल्या मुलाला, जंतू असूनही सूज येत नाही. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी १९०८ मध्येच हे टिपले होते. गोवर टी पेशींना काही आठवडे लुळे करतो आणि जुन्या आजारांची आठवणही पुसतो. म्हणून नवव्या आणि सोळाव्या महिन्याची गोवराची लस चुकवू नये.

घरच्यांना आजार नाही हे तपासून झाले की प्रतिबंधक गोळ्या देतात. रोज एक याप्रमाणे सहा महिने, किंवा काहींना आठवड्याला एकदा असे बारा डोस. पाच वर्षांखालच्या मुलांना सूज नसली तरी देतात. पिंपरीचे वायसीएम रुग्णालय, चाकणचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना, कुठेही विचारा, पैसे पडत नाहीत. दुसऱ्या पाळीला असाल तर सकाळीच जा. गोळ्या चालू असताना दारू बंद ठेवावी लागते, कारण दोन्हींचा भार यकृतावर पडतो. भूक मेली, उलट्या झाल्या, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.