फायरवॉल बंद करण्याआधी

संत्र्याचा हंगाम आला की काटोलात घर, गोदाम, दुकान सगळीकडेच नजर ठेवावी लागते. हल्ली ती राखण कॅमेरा करतो आणि मालक नागपूरच्या बाजारातून मोबाइलवर गोदाम पाहतो. एखाद दिवशी चित्र दिसेनासे होते. दुरुस्तीला आलेला मुलगा राउटरची फायरवॉल बंद करतो किंवा ‘डीएमझेड’ सुरू करतो. चित्र आले की काम झाले, असे सगळे धरून चालतात.

खरी जोखीम इथून सुरू होते. घरातल्या यंत्रांनी बाहेरून काय मागवले, याची नोंद फायरवॉल ठेवते. मागवलेले आत येते, न मागवलेले दारातच अडते. डीएमझेड म्हणजे एका यंत्राला या तपासणीतून दिलेली सरसकट सूट.

अशी उघडी यंत्रे हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांवर जगभरातले कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारे डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘डाइन’ (Dyn) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा विस्कळीत झाल्या. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम अशाच हल्ल्यात निकामी झाले. मूळचा ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड अनेकांनी बदललाच नव्हता.

म्हणून बिघाड क्रमाने शोधा. आधी वायफायचा डबा, म्हणजे राउटर पाहा. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर दोष बहुधा फायबरच्या तारेत आहे, सेटिंग चाळून उपयोग नाही. कॅमेरा घरच्या वायफायवर दिसतो पण मोबाइल डेटावर दिसत नाही, तर बाहेरून आत येण्याची वाट, म्हणजे पोर्ट तपासा. राउटरच्या स्टेटस पानावरचा ‘डब्ल्यूएएन’ (बाहेरच्या जाळ्यातला) पत्ता १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. तिथे पोर्ट उघडा की फायरवॉल बंद करा, फरक पडत नाही. त्यापेक्षा कॅमेरा कंपनीचे अ‍ॅप वापरावे. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर संपर्क साधतो, पोर्ट उघडावे लागत नाही. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि उपयोग झाला नाही तर लगेच पूर्ववत करा.

बंदोबस्तही फार अवघड नाही. राउटरचा आणि डीव्हीआरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. बाहेरून राउटर चालवू देणारे ‘रिमोट मॅनेजमेंट’, आपोआप पोर्ट उघडणारे ‘यूपीएनपी’ आणि बटण किंवा पिनने वायफाय जोडणारे ‘डब्ल्यूपीएस’ बंद ठेवा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) सुरू असेल तर त्याचीही फायरवॉल सुरू आहे ना, पाहा. राउटरचे फर्मवेअर अद्ययावत करा. टीव्ही आणि कॅमेरे गेस्ट वायफायवर टाका, म्हणजे बँकेचे व्यवहार होणारा मोबाइल त्यांच्यापासून वेगळा राहील. यंत्रात काही शिरल्याचा संशय असेल, तर केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर कॉम्प्युटर आणि मोबाइल तपासण्याची साधने मोफत मिळतात.

हे सगळे एकदम जमणार नसेल, तर निदान अ‍ॅडमिन पासवर्ड आजच बदला. त्याला पाच मिनिटे पुरतात.