माशी, खाच आणि हरिण : स्कोपविना शिकारीबद्दलचे काही समज

मिशिगनमध्ये बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो. विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियात तो त्याच्याच आगेमागे असतो. भडक नारिंगी जाकिटं घातलेली माणसं पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात. त्यांतल्या बहुतेकांच्या रायफलीवर स्कोप बसवलेला असतो. काहींच्या रायफलीवर मात्र नळीच्या टोकाशी धातूची एक माशी आणि डोळ्याच्या बाजूला एक खाच, एवढंच. अशा माणसांकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. कोणी म्हणतं, हे हट्टी लोक आहेत, जनावर जखमी करून सोडतील. कोणी म्हणतं, खरे शिकारी हेच, बाकीचे नुसते यंत्र चालवणारे. मला दोन्ही मतं सारखीच अपुरी वाटतात. दोन्हींत सगळी चर्चा रायफलीची होते आणि डोळा, उजेड व अंतर यांचा हिशेब राहून जातो.

आपल्याकडे हा विषय फक्त वाचण्यापुरता आहे, हे आधीच सांगून टाकतो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्याच वर्षी शिकार बंद झाली, हाही एक समजच. मूळ कायद्यात परवाना काढून काही प्राणी मारण्याची सोय होती. ती १९९१च्या दुरुस्तीने गेली. अमेरिकेने वेगळी वाट धरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरिण काही लाखांवर आलं होतं, आज ते तीन कोटींच्या घरात आहे. ठरलेले हंगाम, परवाने, माणशी किती मारायची याच्या मर्यादा, आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांसाठी मिळणारा पैसा, यांचा त्यात मोठा वाटा आहे. ही व्यवस्था कोणाला पटो न पटो, पुढचं सगळं तिच्या चौकटीतलं आहे.

‘स्कोपशिवाय नेम लागतच नाही’

या समजाला उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात स्कोप चालत नाही. नेमबाज पाहतो तो मागच्या चकतीतल्या बारीक भोकातून पुढच्या कड्याकडे, आणि त्या कड्यातून लक्ष्याकडे. तिथल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. म्हणजे पन्नास मीटरवरून करंगळीच्या नखाएवढ्या जागेत गोळ्या घालायच्या, आणि त्याही भिंगाशिवाय.

स्कोपमुळे रायफल जास्त अचूक होते, हे म्हणणंही त्यामुळे सैलच ठरतं. नळी, काडतूस आणि चाप आहेत तेच राहतात. स्कोपने कमी होते ती माणसाची नेम धरण्यातली चूक.

मात्र कुसाळेचं उदाहरण शिकारीला जसंच्या तसं लावता येत नाही. त्याचं लक्ष्य पांढऱ्यावर काळं, गोल, उजेडातलं आणि जागच्या जागी असतं. हरिण म्हणजे करड्या झाडोऱ्यातलं करडं जनावर. त्याच्या अंगावर मध्यबिंदू छापलेला नसतो आणि ते केव्हा पाऊल उचलेल ते सांगता येत नाही. काळीज-फुप्फुसांचा भाग साधारण वीस ते पंचवीस सेंटिमीटरचा. साध्या कार्बाइनच्या टोकावरची माशी समजा दीड मिलिमीटरहून किंचित जाड आहे आणि डोळ्यापासून पाऊण मीटरवर आहे. शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, ती जवळजवळ वीस सेंटिमीटर जागा झाकते. जिथे गोळी लागायला हवी तो सगळा भाग माशीआड गेला. पन्नास यार्डांवर ती निम्मीच जागा झाकते आणि आजूबाजूला खांदा, पाय, छातीची कड दिसत राहते. दीडशेवर हरणाचं अर्धं धडच माशीमागे जातं. रायफल तिथवर गोळी नेईल, पण माशी नेमकी कुठे टेकवली आहे ते मारणाऱ्याला कळणार नाही.

‘नजर हरणावरून हलू द्यायची नाही’

सिनेमात तसंच दाखवतात, आणि नवखा माणूस तसंच करतो. पण खाच, माशी आणि जनावर या तीन गोष्टी तीन वेगळ्या अंतरांवर असतात, आणि डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो. मग स्पष्ट काय ठेवायचं? माशी. खाच थोडी पुसट, हरिण थोडं पुसट आणि माशीची कड मात्र लख्ख. एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू-टू रायफल हाताळली असेल, त्यांना उस्तादांचा फोरसाइटचा, म्हणजे माशीचा, धोशा आठवत असेल. तो उगाच नसतो.

कारण साधं भूमितीचं आहे. माशी आणि खाच यांच्यात अर्धा मीटर अंतर धरलं आणि माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर शंभर मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणजे काळजाऐवजी पोटात. उलट हरणाची कड थोडी अस्पष्ट दिसली तरी त्याच्या खांद्यामागचा भाग कुठे आहे हे कळण्यात फारशी अडचण येत नाही. मन मात्र ऐन वेळी जनावराकडे, त्यातही शिंगांकडे धावतं. डोळा त्याच्यामागे जातो, माशी पुसट होते, आणि एवढ्या जवळून गोळी चुकली कशी याचं कोडं पडतं.

चाळिशी गाठली की ही अडचण वाढते, कारण जवळचं स्पष्ट पाहण्याची डोळ्याची ताकद ओसरते. वाचायच्या चष्म्याने काम भागत नाही. तो हातातल्या पुस्तकासाठी असतो, आणि माशी त्याहून बरीच लांब. संगणकाच्या पडद्यासाठी मिळणारा मधला नंबर तिला अधिक जवळचा. पण तो लावला की हरिण आणखी धूसर होतं. पुष्कळ लोक रायफल बदलली म्हणून नव्हे, तर वय झालं म्हणून स्कोपकडे वळतात, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखं मला काही दिसत नाही.

दुसरा उपाय जुना आहे: खाचेऐवजी भोक. अमेरिकेत विल्यम लायमनने १८७९मध्ये असं साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, पेटंट करून घेतलं. लहान भोकातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही जास्त स्पष्ट दिसतं; कॅमेऱ्याचं छिद्र बारीक केल्यावर जे होतं तेच. भोक वापरताना माशी त्याच्या बरोबर मध्यात आणायची धडपड करावी लागते, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तसं करावं लागत नाही. भोकातून सरळ पाहिलं की डोळा आपोआप मध्य पकडतो. माशी हव्या त्या जागी टेकवली की झालं, भोकाची पुसट कड विसरून जायची. शिकारीसाठी हे भोक ऑलिंपिकच्या नेमबाजाच्या भोकापेक्षा बरंच मोठं ठेवतात, कारण बारीक भोकातून उजेड कमी येतो. आणि हरणाच्या शिकारीत खरी अडचण उजेडाचीच असते.

‘दिसतंय ना, मग मारता येईल’

हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात. कितीतरी राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला मुभा असते. पण कायद्याने दिलेली वेळ लोखंडी साइटवाल्याला, म्हणजे माशी-खाच वापरणाऱ्याला, पूर्ण मिळत नाही. झाडीच्या कडेला हरिण अजून दिसत असतं, कारण ते मोठं आहे आणि हलतं आहे. दीड मिलिमीटरची काळी माशी काळ्या खाचेत कधीच विरघळून गेलेली असते. ज्याला जनावर दिसतं पण माशी दिसत नाही, त्याची शिकार त्या दिवसापुरती संपली. पांढरा किंवा सोनेरी मणी अथवा प्रकाश खेचून घेणारा फायबरचा तुकडा लावला तर वेळ थोडी वाढते. थोडीच.

इथे स्कोप सरळ सरळ सरस आहे, आणि हे मान्य करायला लोखंडी साइटचे चाहते का कचरतात ते मला उमगत नाही. स्कोप उजेड निर्माण करतो, असं मात्र नाही. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट (लक्ष्य किती पट मोठं दिसतं तो आकडा), एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत तो डोळ्यापर्यंत आणतो. चाळीस मिलिमीटरचं भिंग चौपटीवर ठेवलं तर दहा मिलिमीटर, दहापटीवर ठेवलं तर चार. तरुण माणसाची बाहुली अंधारात फार तर सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयाबरोबर कमी कमी उघडते. म्हणून संध्याकाळी पट वाढवत नेणं उलटं पडू शकतं. स्कोपचा मोठा फायदा वेगळाच आहे: नेम धरायची आतली फुली आणि हरिण दोन्ही एकाच पातळीवर स्पष्ट दिसतात, तीन ठिकाणी नजर वाटावी लागत नाही.

दिवसाउजेडीही एक फसगत होते, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. चकचकीत गोल मण्यावर डावीकडून ऊन पडलं की त्याची डावी बाजू झळकते. डोळा त्या झळकणाऱ्या ठिपक्यालाच मणी समजून खाचेच्या मध्यात बसवतो. खरा मणी उजवीकडे राहतो आणि गोळीही उजवीकडे जाते. सपाट तोंडाची, काळपट माशी हा जुनाच इलाज, आजही चालणारा.

‘लोखंडाला काय होतंय?’

होतं. रायफल पडली तर माशी वाकते. खाचेचा ठोकळा त्याच्या खोबणीत सरकतो, आणि ते नुसत्या नजरेला कळत नाही. बर्फात भोक बुजतं. उलट आजचे बरे स्कोप आत नायट्रोजन भरून बंद केलेले असतात, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. धो धो पावसात भिंगावर थेंब साचतात तेव्हा मात्र लोखंडी साइटवाला निवांत असतो.

वेगाचंही असंच अर्धं खरं. दाट झाडीत, वीस-तीस यार्डांवर उठलेल्या हरणावर मोठ्या पटीचा स्कोप रोखला तर आत नुसती केसाळ भिंत दिसते. तिथे माशी-खाच चपळ ठरते. पण एकपटीपासून सुरू होणारा लहान स्कोप दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरला तर तोही मागे पडत नाही.

‘हे सगळं जुन्या बंदुकांचं वेड’

थोडं आहेच. जॉन मोझेस ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर १८९४ ही लिव्हरची रायफल आणि तिचं .३०-३० काडतूस अमेरिकी हरणशिकारीची ओळख होऊन बसलं. या रायफली सत्तर लाखांवर बनल्या. त्यांच्यावर स्कोप न दिसण्याचं कारण मात्र निव्वळ परंपरा नव्हे. रिकामी काडतुसं वरच्या बाजूने उडत, त्यामुळे वर स्कोप बसवायला सोयीची जागाच नव्हती. मार्लिनची ३३६ ती बाजूला फेकत असे, म्हणून तिच्यावर स्कोप सहज बसला.

या काडतुसाची चालही माशी-खाचेच्या मर्यादेशी जुळणारी. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशेवर गोळी सुमारे वीस सेंटिमीटर खाली येते. पूर्वेकडच्या जंगलात नजरच शंभर यार्डांपलीकडे क्वचित पोचते, त्यामुळे कोणाचं फारसं बिघडत नाही. वायोमिंगच्या उघड्या माळावर हीच रायफल घेऊन जाणारा बऱ्याच वेळा हात हलवत परत येईल.

एक वस्तू मात्र स्कोप नसणाऱ्याला जास्त लागते, ती म्हणजे गळ्यातली दुर्बीण. पेनसिल्व्हेनियात २००२पासून नराच्या शिंगांना ठरावीक टोकं असल्याशिवाय बहुतेकांना तो मारता येत नाही. नुसत्या डोळ्यांनी टोकं मोजणं झाडीत कठीण. आणि स्कोपवाल्यांनीही हे काम स्कोपने करू नये, कारण झुडपामागे हरणाऐवजी माणूस असला तर आपण त्याच्यावर भरलेली रायफल रोखलेली असते.

‘स्कोप नको, हरणाला संधी द्या’

‘न्याय्य पाठलाग’ या कल्पनेला अमेरिकेत जुनं घराणं आहे. थिओडोर रूझवेल्टने १८८७मध्ये पुढाकार घेऊन स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ती रुजवली. काही नियमही त्याच अंगाने जातात. कोलोरॅडोत तोंडाकडून भरायच्या बंदुकांच्या खास हंगामात स्कोपला मनाई आहे. मर्यादेमुळे माणसाला जवळ जावं लागतं, वारा बघावा लागतो, वाट पाहावी लागते, हे खरं. पण हरणाला संधी मिळते ती गोळी न झाडल्यामुळे. दीडशे यार्डांवर पुसट माशी टेकवून चाप ओढला, तर त्याला मिळतो फुटलेला जबडा किंवा फाटलेलं पोट.

म्हणून हंगामाआधी करायची चाचणी साधी आहे. तेवीस सेंटिमीटरची कागदी थाळी टांगायची आणि टेबलाचा आधार न घेता, उभं राहून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, जंगलात जसं मिळेल तसं बसून गोळ्या झाडायच्या. ज्या अंतरावर एकही गोळी थाळीबाहेर जात नाही ते आपलं अंतर. कोणाचं ऐंशी यार्ड निघतं, कोणाचं चाळीस. मग तीच थाळी सूर्य मावळल्यावर पुन्हा टांगायची. आकडा बदलतो, आणि संध्याकाळच्या शिकारीला हा दुसरा आकडा धरायचा असतो.