विहाराच्या दारातली सॅनिटायझरची बाटली

पंचशीलातील पाचवे शील नशेबद्दल आहे, हात स्वच्छ करण्याबद्दल नाही. त्यामुळे विहाराच्या दारात सॅनिटायझर ठेवण्यात काहीच गैर नाही. काळजी वेगळीच आहे: ती बाटली ठेवली कुठे?

सॅनिटायझरमध्ये बहुधा ७० ते ८० टक्के अल्कोहोल असते. शुद्ध अल्कोहोल जास्त चांगले, असे काहींना वाटते. तसे नाही. जंतूंमधली प्रथिने मोडायला पाणीही लागते, शिवाय शुद्ध अल्कोहोल लगेच उडून जाते. हात मळलेले असतील तर साबण-पाणीच हवे.

एवढ्या अल्कोहोलची वाफ साधारण १७ अंश तापमानालाही पेट घेऊ शकते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो! म्हणून हाताला सॅनिटायझर चोळून लगेच मेणबत्ती लावायला पुढे होऊ नका, हात पूर्ण कोरडे होऊ द्या. बाटली मेणबत्ती-अगरबत्तीपासून लांब ठेवा. ही ज्योत फिकट निळी असते, उजेडात जवळजवळ दिसत नाही. स्पिरिटचा दिवा विझला असे समजून त्यात पुन्हा स्पिरिट ओतले की भडका उडतो, तो त्यामुळेच.

जळते म्हणूनच ते इंधनही आहे. देशातली इथेनॉलवरची पहिली बस ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्याच नागपुरात धावली. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणून मायलेज थोडे घटते.

आणि वणी. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू मिळेना, म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावी काही जण सॅनिटायझर प्यायले. सात जण गेले. "त्यांना कळत नव्हते का?" असे विचारणे सोपे आहे. वस्तीत काम करताना आम्ही पाहतो, व्यसनात अडकलेल्या माणसाला कळत असते, थांबता येत नसते. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, तीही बहुतेक हातावर पोट असलेली.

मालवणीच्या दारूत मिथेनॉल होते. भेसळीच्या सॅनिटायझरमध्येही ते असू शकते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि डोळ्यांची नस जळते. पहिले काही तास नुसती नशा वाटते. धूसर दिसणे, उलट्या, धाप हे कित्येकदा १२ ते २४ तासांनी सुरू होते. "झोपू द्या, उतरेल" म्हणत घरचे थांबतात, त्यातच उपचाराची वेळ निघून जाते. असे काही प्यायल्याचे कळताच, त्रास दिसत नसला तरी, माणसाला थेट मोठ्या रुग्णालयात न्या. पोलिसांच्या भीतीने काय प्यायले ते लपवू नका. बाटलीही सोबत न्या.