दोन केबली म्हणजे दोन वाटा नव्हेत: स्टोरेजची जोडणी

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी सरळ केली आहेत.)

आज केबलींबद्दल बोलायचंय. डेटा सेंटरमधलं हे सगळ्यात कमी मानाचं काम. स्टोरेज कुठलं घ्यायचं यावर सहा महिने मीटिंगा होतात, आणि ते आलं की केबली टाकायला रात्री एखाद्या ज्युनिअरला पाठवून देतात. एकेकाळी तो ज्युनिअर मी होतो. मी लावलेल्या केबलींमुळे एका ग्राहकाचं काम शनिवारी रात्री ४० मिनिटं बंद पडलं. ग्राहक कोण ते सांगणार नाही. चूक माझी होती, ती मात्र सविस्तर सांगतो.

आधी रचना समजून घेऊ. डेटा सेंटरमधल्या स्टोरेजमध्ये साधारणपणे दोन कंट्रोलर असतात. कंट्रोलर म्हणजे काय, तर डिस्क सांभाळणारा आणि सर्व्हरशी बोलणारा एक संगणकच. बऱ्याच खोक्यांमध्ये ते एकावर एक बसवलेले असतात, म्हणून आपण एकाला वरचा आणि दुसऱ्याला खालचा म्हणू. एक मेला की दुसऱ्याने त्याच्या डिस्कचा ताबा घ्यायचा. मध्ये दोन स्विच. प्रत्येक सर्व्हरला दोन पोर्ट, एकेक पोर्ट एकेका स्विचला. आमच्याकडे आयस्कझी होतं, म्हणजे डिस्कचा सगळा व्यवहार साध्या इथरनेटवरून.

आता मी काय केलं बघा. वरच्या कंट्रोलरच्या दोन्ही केबली पहिल्या स्विचला लावल्या आणि खालच्याच्या दोन्ही दुसऱ्या स्विचला. दिसायला इतकं देखणं काम की विचारू नका! एकही केबल दुसरीला ओलांडत नव्हती. साहेबांनी फोटो काढून वर पाठवला. सर्व्हरवर मल्टिपाथ तपासलं, तर प्रत्येक व्हॉल्यूमला दोन पाथ, दोन्ही चालू. सही झाली, घरी गेलो.

तीन महिन्यांनी पहिल्या स्विचचं फर्मवेअर बदलायचं ठरलं. स्विच रीबूट होणार, पण दुसरा आहे ना, मग काळजी कसली? स्विच खाली गेला आणि वरच्या कंट्रोलरच्या दोन्ही केबली एकदम गेल्या. खालच्याने ताबा घ्यायला हवा होता. घेतला नाही. का, ते कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला: वरचा मेलाच नव्हता! तो डिस्क हातात घेऊन ठणठणीत बसला होता, फक्त बाहेर कोणाशी बोलू शकत नव्हता. दोन्ही कंट्रोलर खोक्याच्या आतून एकमेकांची खबर घेत असतात, आणि आत सगळं आलबेल होतं. त्या खोक्यात ताबा बदलायचा तो कंट्रोलर बंद पडला तरच, बाहेरच्या केबली गेल्या म्हणून नाही. काही खोक्यांमध्ये याचीही सोय असते, पण ती आहे का आणि चालू केली आहे का, हे मॅन्युअल उघडूनच बघायचं.

इकडे लिनक्स सर्व्हरांना डिस्कवर लिहिता येईना, तशा त्यांनी फाइल सिस्टिम रीड-ओन्ली करून टाकल्या. स्विच दहा मिनिटांत परत आला. बाकीचा अर्धा तास सर्व्हर एकेक करून रीबूट करण्यात आणि डेटाबेस धड आहे ना हे बघण्यात गेला. त्या अर्ध्या तासात फोनवर मला काय काय ऐकावं लागलं ते या भागात सांगण्यासारखं नाही.

मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांना हे पटकन कळेल. जुना हायवे आहे आणि एक्सप्रेस वे आहे, म्हणजे कागदावर दोन रस्ते. पण बोरघाटात, जुना अमृतांजन पूल जिथे होता त्या टापूत, दोन्ही एकत्र आलेले. पूर्वी तिथे एक कंटेनर आडवा झाला की तुम्ही कुठल्याही रस्त्याने निघालेले असा, अडकायचात. माझे दोन पाथ असेच होते. मल्टिपाथ वाटा मोजतं. त्या कुठल्या घाटातून जातात हे ते सांगत नाही.

मग बरोबर जोडणी कशी? वरच्या कंट्रोलरची एक केबल पहिल्या स्विचला, एक दुसऱ्याला. खालच्याचीही तशीच. केबली एकमेकींना ओलांडतात, आणि ओलांडायलाच हव्यात. आयस्कझीत दोन स्विचना दोन वेगळे सबनेट ठेवा. इथे पोर्टांची मोट बांधण्याचा, म्हणजे लिंक ॲग्रिगेशनचा, मोह टाळा. आयस्कझीसाठी मल्टिपाथच बरं. एनएफएस असेल तर मोट बांधतात, पण ती दोन स्विचवर पसरायची तर ते दोन स्विच एकमेकांशी तसे जोडलेले लागतात.

एवढ्यावर थांबू नका. कंट्रोलरमध्ये नेटवर्कची दोन कार्डं असतील तर दोन केबली दोन वेगळ्या कार्डांतून काढा. आणि स्विचची वीज बघा. दोन स्विच, पण दोघांचे प्लग रॅकच्या एकाच पॉवर पट्टीत, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. परत तोच घाट.

डिस्कचे जादा शेल्फ लावतानाही हीच गोष्ट, जरा वेगळ्या रूपात. शेल्फ साखळीने जोडतात. दोन्ही कंट्रोलरांनी वरूनच सुरुवात केली, तर मधला शेल्फ बंद पडल्यावर त्याच्या खालचे सगळे दोघांच्याही हातातून जातात. म्हणून एकाची साखळी वरून खाली आणि दुसऱ्याची खालून वर. मग मधला गेला तरी वरचे एकाला दिसतात, खालचे दुसऱ्याला.

आता केबलीबद्दल थोडं. एकाच रॅकमध्ये दोन-तीन मीटरचं अंतर असेल तर तांब्याची डॅक केबल घ्या, स्वस्त आणि टिकाऊ. त्यापुढे फायबर. १० गिगाबिटला ओएम३ फायबर ३०० मीटर चालतं, ओएम४ ४०० मीटर. २५ गिगाबिटला तेच अंतर ७० आणि १०० मीटरवर येतं. म्हणजे वेग वाढवताना जुनी केबल चालेलच असं धरू नका.

फायबरचा खरा शत्रू मात्र अंतर नाही, धूळ आहे. मल्टिमोड फायबरचा गाभा, जिथून प्रकाश जातो तो, ५० मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० चा. बोटाचा एक ठसा लागला तरी पुरे. गंमत म्हणजे, गंमत कसली, डोकेदुखी म्हणजे, लिंक बंद पडत नाही. दिवा हिरवाच राहतो. फक्त मधूनमधून पाकिटं बिघडतात, स्टोरेज हळू वाटतं आणि लोक डिस्कला शिव्या देतात. म्हणून टोपी काढली की क्लीनर पेनने एकदा टिक करायचं आणि मगच खोचायचं. केबल नवी असली तरी. आणि टोकात डोळा लावून बघू नका, तो लेझर डोळ्यांना दिसत नाही.

बांधायला वेल्क्रो वापरा. प्लॅस्टिकचा टाय कचकन ओढला की आतली काच दबते. वळणही ऐसपैस ठेवा. लेबल दोन्ही टोकांना हवं आणि त्यावर दोन्ही टोकांचा पत्ता हवा. 'स्टोरेज १' असं नुसतं लेबल रात्री तीन वाजता काही कामाचं नसतं.

आणखी एक जागा जिथे हमखास फसतात: जंबो फ्रेम. सर्व्हर, स्विच, स्टोरेज, सगळीकडे जंबो चालू हवं. एका जागी राहिलं की पिंग व्यवस्थित जातं, लॉगिन होतं, आणि मोठी फाइल पाठवली की गाडी जाग्यावर. म्हणून पिंग करताना तुकडे करायला मनाई करा आणि आकार ८९७२ बाइट ठेवा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ गेले की तेवढेच उरतात. हे पिंग गेलं तर वाट मोकळी.

शेवटी केबल ओढून बघायची. काम सुरू होण्याआधी, एखादी मोठी फाइल कॉपी होत असताना एकेक केबल काढा, परत लावा. मग एकेक स्विच बंद करा. मग एकेक कंट्रोलर. दोन तास जातात. ग्राहकाला घाई असते, आपल्यालाही घरी जायचं असतं. पण एकदा त्यावर खरं काम सुरू झालं की केबल काढून बघायची परवानगी तुम्हाला कोणी देत नाही. मी त्या रात्री फक्त पहिला स्विच बंद करून पाहिला असता, तर पाचव्या मिनिटाला सगळं कळलं असतं.

दुरुस्ती किती होती सांगू? पुढच्या शनिवारी परवानगी काढून गेलो. दोन केबली काढून अदलाबदल केली, त्याला चार मिनिटं. त्या पोर्टांचे आयपी पत्ते बदलून सर्व्हरवर पाथ पुन्हा शोधायला तासभर. मग स्विच बंद केला आणि कॉपी चालू राहिलेली बघत तिथेच जमिनीवर बसून राहिलो. मल्टिपाथमध्ये आधीही दोन पाथ दिसायचे, नंतरही दोनच दिसत होते.

पुढच्या भागात फायबर चॅनेल आणि झोनिंग. भेटू.