सोन्यामागची फळी : दुच्चोच्या ‘माएस्ता’विषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

इटलीतल्या सिएना शहरात, कॅथेड्रलला लागूनच असलेल्या संग्रहालयात, सुमारे चार मीटर रुंद आणि दोन मीटरहून उंच असं एक फळीवरचं चित्र आहे. मधोमध सिंहासनावर बाळ येशूला मांडीवर घेतलेली मरिया, दोन्ही बाजूंना दाटीने उभे असलेले देवदूत आणि संत, आणि सगळ्यांच्या मागे सोनंच सोनं. ही दुच्चो दी बुओनिनसेन्या या चित्रकाराची ‘माएस्ता’. 1308 ते 1311 या काळात ती तयार झाली. युरोपच्या कलेतिहासावरच्या बहुतेक पुस्तकांत ती भेटते आणि तिच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच पसरलेले आहेत. त्यातले बरेचसे एकाच कारणाने होतात. ही वस्तू जिथे, ज्यासाठी आणि ज्या उजेडात पाहायची म्हणून केली, तिथून ती हलवली गेली. मग आपण तिला भिंतीवर टांगलेल्या चित्राचे निकष लावतो आणि ती त्यात बसत नाही.

गैरसमज 1 : हे भिंतीवर लावण्यासाठी काढलेलं एक मोठं चित्र आहे.

वस्तुस्थिती : ‘माएस्ता’ हे वेदीचित्र होतं. कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवर ते उभं केलेलं होतं आणि दोन्ही बाजूंनी रंगवलेलं होतं. पुढच्या बाजूची मरिया भाविकांसाठी होती. मागच्या बाजूला, म्हणजे धर्मगुरूंच्या बाजूला, येशूच्या दुःखसहनाची आणि पुनरुत्थानानंतरची 26 दृश्यं होती. यरुशलेममधल्या प्रवेशापासून सुरू होणारी ही कथा चौकटी-चौकटींनी पुढे सरकत होती.

याशिवाय मुख्य फळीच्या खाली बैठकीसारखी एक लांब पट्टी होती आणि वरच्या बाजूला शिखरं. खालच्या पट्टीवर पुढून येशूच्या बालपणाची आणि मागून त्याच्या कार्याची लहान लहान दृश्यं होती. मूळ रचना भरभक्कम आणि उंच होती. तिला चित्रकाराइतकाच सुताराचाही हात लागला होता. आज संग्रहालयात पुढची बाजू एका भिंतीवर आणि मागची दुसऱ्या भिंतीवर दिसते, त्यामुळे ही दोन वेगवेगळी चित्रं आहेत असं अनेकांना वाटतं. एकेकाळी ती एकाच वेदीचित्राची पाठपोट होती.

गैरसमज 2 : मागचं सोनं म्हणजे सोनेरी रंग, आणि तो फक्त श्रीमंती दाखवायला.

वस्तुस्थिती : ते खरं सोनं आहे, पण फार थोडं. मिठाईवर लावतात तसा वर्ख, फक्त सोन्याचा. सोन्याची नाणी ठोकून ठोकून हे पातळ पत्रे काढत. 1400 च्या सुमारास चित्रकलेवर ग्रंथ लिहिणारा चेन्नीनो चेन्नीनी सांगतो की एका डुकाटमधून 145 पत्रे काढण्यापेक्षा 100 च काढलेले बरे, म्हणजे ते जरा जाड राहतात आणि पार्श्वभूमी नीट भरते.

त्याआधीचं काम अधिक वेळखाऊ होतं. पॉप्लरच्या लाकडावर कापड चिकटवायचं, त्यावर जिप्सम आणि प्राण्यांच्या सरसाचे थरावर थर द्यायचे, ते घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करायचे. जिथे सोनं यायचं तिथे तांबडी चिकणमाती लावायची, ओलसर करून वर्ख बसवायचा आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने घोटायचा. घोटल्यावरच त्याला आरशासारखी चकाकी येते. आज कुठे कुठे सोन्याखालून तांबूस झाक दिसते, ती या मातीचीच. वर्ख झिजला की ती वर येते.

श्रीमंतीचा भाग होताच. शहराला आपलं वैभव दाखवायचं होतं. पण सोन्याचं खरं काम उजेडाशी होतं. मेणबत्त्यांच्या हलत्या प्रकाशात घोटलेलं सोनं एका क्षणी काळपट दिसतं आणि दुसऱ्या क्षणी पेटल्यासारखं झळकतं. संतांच्या मस्तकामागच्या तेजोवलयांत दुच्चोने टोचणीने नक्षी कोरली, ती याच उजेडासाठी. शिवाय सोन्याच्या पार्श्वभूमीला वेळ नसते. तिथे सकाळ-संध्याकाळ किंवा ढग-ऊन असं काही नाही. स्वर्ग दाखवायचा तर हेच हवं होतं. विजेच्या एकसारख्या उजेडात किंवा छापील पानावर हे सोनं मोहरीसारखं पिवळं, निर्जीव दिसतं.

गैरसमज 3 : जुनी चित्रं म्हणजे तैलचित्रं.

वस्तुस्थिती : ‘माएस्ता’मध्ये तेलरंग नाहीत. रंगद्रव्याची पूड अंड्याच्या बलकात कालवून रंग केला जाई. त्याला टेंपेरा म्हणतात. हा रंग चटकन वाळतो, त्यामुळे तेलरंगासारखा तो चित्रावरच मिसळत बसता येत नाही. छटा आणायची असेल तर बारीक कुंचल्याने एकाशेजारी एक रेघा ओढायच्या. जवळून पाहिलं की मरियेच्या गालाची गोलाई अशा बारीक रेघांनीच घडलेली दिसते. चेन्नीनी तर कोणतं अंडं वापरायचं तेही सांगतो: शहरातल्या कोंबडीचा बलक फिका, तो तरुण चेहऱ्यांना; खेड्यातल्या कोंबडीचा तांबूस, तो म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यांना.

निळ्या रंगाची गोष्ट वेगळीच. उत्तम निळा रंग लाजवर्द दगडापासून होई आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. इतका प्रवास करून आलेला रंग जपूनच वापरला जाई. मरियेच्या वस्त्राला तो देणं हा तिचा मान होता.

गैरसमज 4 : चेहरे हिरवट आहेत, कारण त्या काळात मृत्यू आणि रोगराईचा पगडा होता.

वस्तुस्थिती : सिएनात प्लेगची महामारी आली 1348 मध्ये, म्हणजे ‘माएस्ता’ पूर्ण झाल्यावर 37 वर्षांनी. त्या काळच्या अनेक चित्रांत दिसणाऱ्या हिरवटपणाचं कारण साधं आहे. त्वचा रंगवण्याआधी तिथे हिरव्या मातीच्या रंगाचा थर देत. त्यावर गुलाबी आणि पांढऱ्या छटा चढवल्या की तांबूस रंग शांत होतो आणि कातडी जिवंत वाटते. शतकानुशतकांच्या झिजेने आणि पूर्वीच्या बेपर्वा सफाईने वरचा गुलाबी थर पातळ झाला की खालचा हिरवा उघडा पडतो. ते चेहरे दुःखाने हिरवे झाले नाहीत, घासले गेल्याने झाले.

गैरसमज 5 : या चित्रकारांना यथादर्शन आणि शरीररचना येत नव्हती, म्हणून आकृत्या सपाट आणि प्रमाण चुकलेलं.

वस्तुस्थिती : गणिती यथादर्शनाची पद्धत फिरेन्झेत (फ्लॉरेन्समध्ये) पंधराव्या शतकात बसवली गेली, हे खरं. पण दुच्चोच्या चित्रात मरिया सगळ्यांहून मोठी आहे ती चूक म्हणून नव्हे. ज्याचं महत्त्व मोठं त्याची आकृती मोठी, हा नियम चित्रकाराला आणि पाहणाऱ्यालाही माहीत होता. मागच्या पट्टीवरच्या एका दृश्यात सैतान येशूला डोंगरावरून जगातली राज्यं दाखवतो. तिथे तटबंदीची शहरं येशूच्या पायाशी खेळण्यातल्यासारखी आहेत. सगळ्या राज्यांची किंमत किती, हे त्यातून एका नजरेत कळतं.

जिथे जागा दाखवायची होती तिथे दुच्चोने ती दाखवली. मागच्या बाजूला दोन दृश्यं एकावर एक आहेत. खाली अंगणात शेकोटीजवळ बसलेला शिष्य पेत्र आपण येशूला ओळखत नसल्याचं सांगतो आहे, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर येशूची चौकशी चालू आहे. दोन्ही दृश्यांना जोडणारा एक जिना आहे. एकाच घरात, एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टी त्या पायऱ्यांनी बांधल्या गेल्या आहेत. असं करणाऱ्याला जागेची जाण नव्हती, असं कोण म्हणेल?

गैरसमज 6 : मध्ययुगीन चित्रकार म्हणजे निनावी, विरक्त, फक्त भक्तीने काम करणारा.

वस्तुस्थिती : दुच्चोविषयी सिएनाच्या सरकारी दप्तरात चांगल्या-वाईट दोन्ही नोंदी आहेत. 1278 मध्ये त्याला शहराची कागदपत्रं ठेवायच्या 12 पेट्या रंगवल्याचे पैसे मिळाले. 1280 मध्ये त्याला 100 लिरांचा जबर दंड झाला, आणि पुढेही दंड होतच राहिले; एकदा तर लष्करी सेवेला जायचं नाकारल्याबद्दल. 1319 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर मुलांनी त्याचा वारसा कायदेशीरपणे नाकारला. वारशासोबत कर्जं गळ्यात पडू नयेत म्हणून तेव्हा वारस असं करत.

‘माएस्ता’च्या कामाचा 9 ऑक्टोबर 1308 चा करार आजही उपलब्ध आहे. दुच्चोने स्वतःच्या हाताने काम करायचं, ते संपेपर्यंत दुसरं काम घ्यायचं नाही, रोजाला 16 सोल्दी मिळतील, कामावर न आलेल्या दिवसांचे पैसे कापले जातील आणि साहित्य कॅथेड्रलकडून मिळेल, अशा त्यातल्या अटी आहेत. त्या पाळण्याची शपथ त्याने शुभवर्तमानावर हात ठेवून घेतली. अर्थात ‘स्वतःच्या हाताने’ याचा अर्थ एकट्याने असा नव्हता. इतकं मोठं काम मदतनिसांच्या कार्यशाळेशिवाय होणं शक्य नव्हतं; आराखडा आणि महत्त्वाचे भाग मुख्य चित्रकाराचे असावेत, एवढाच त्याचा आशय.

आणि निनावीही तो नव्हता. सिंहासनाच्या पायथ्याशी लॅटिनमध्ये मजकूर आहे: मरियेने सिएनाला शांती द्यावी आणि आपल्याला असं रंगवलं म्हणून दुच्चोला आयुष्य द्यावं. शहराच्या मागणीला लागूनच चित्रकाराने स्वतःची मागणी लिहून ठेवली.

गैरसमज 7 : ‘माएस्ता’साठी 3000 सोन्याची फ्लोरिन मोजली गेली.

वस्तुस्थिती : हा आकडा शहराच्या एका जुन्या इतिवृत्तात आहे आणि तो पुस्तकांतून सतत पुढे येतो. उपलब्ध कागद मात्र वेगळं सांगतात. रोजाचे 16 सोल्दी, आणि मागच्या बाजूच्या दृश्यांसाठी ठोक दर: 38 दृश्यं धरून प्रत्येकी अडीच फ्लोरिन, म्हणजे 95 फ्लोरिन. सोनं, रंग, लाकूड यांचा खर्च वेगळा होताच. तरीही तीन हजारांचा आकडा हिशेबापेक्षा शहराच्या अभिमानाबद्दलच जास्त सांगतो.

त्या अभिमानाला कारण होतं. 1260 मध्ये मोन्तापेर्तीच्या लढाईत सिएनाने बलाढ्य फिरेन्झेला हरवलं. लढाईआधी शहर मरियेच्या चरणी अर्पण केल्याचं सांगितलं जाई, आणि त्यानंतर सिएना स्वतःला तिचं शहर म्हणवू लागलं. म्हणूनच चित्रात पुढच्या रांगेत शहराचे चार रक्षक संत गुडघे टेकून तिला विनवत आहेत: अन्सानो, साविनो, क्रेशेन्त्सिओ आणि व्हित्तोरे. 9 जून 1311 रोजी चित्र कार्यशाळेतून कॅथेड्रलमध्ये नेलं तेव्हा दुकानं बंद होती. बिशप, धर्मगुरू, राज्य चालवणारं नऊजणांचं मंडळ, आणि मेणबत्त्या घेतलेले नागरिक मिरवणुकीत होते. घंटा, कर्णे आणि नगारे वाजत होते.

गैरसमज 8 : चित्राची मिरवणूक निघाली ती फिरेन्झेत, आणि चित्रकार होता चिमाबुए.

वस्तुस्थिती : हा घोळ सोळाव्या शतकातल्या जॉर्जो वसारीच्या चरित्रग्रंथातून पसरला. फिरेन्झेतल्या सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चमधली ‘रुचेल्लाई मरिया’ त्याने फिरेन्झेच्याच चिमाबुएच्या नावावर टाकली आणि तिची मिरवणूकही वर्णन केली. 1855 मध्ये इंग्रज चित्रकार फ्रेडरिक लेटनने हाच प्रसंग भव्य चित्रात रंगवला आणि राणी व्हिक्टोरियाने ते चित्र विकत घेतलं. पण ‘रुचेल्लाई मरिया’ 1285 च्या करारानुसार सिएनाच्या दुच्चोने काढलेली होती. 1889 मध्ये कलेतिहासकार फ्रान्त्स विकहोफने हे श्रेय त्याला परत दिलं आणि हळूहळू ते सर्वमान्य झालं. गंमत म्हणजे दुच्चोची ‘माएस्ता’ आपण खूप शोधली पण सापडली नाही, असं वसारीनेच लिहून ठेवलं आहे. ती 1506 मध्येच मुख्य वेदीवरून हलवली गेली होती.

गैरसमज 9 : ‘माएस्ता’चे तुकडे लुटारूंनी किंवा युद्धाने केले.

वस्तुस्थिती : तुकडे घरातच झाले. 1771 मध्ये सिएनातच तिची पुढची आणि मागची बाजू करवतीने वेगळी केली गेली, म्हणजे दोन वेगळ्या वेदींवर लावता येतील. करवत वाकडी गेली आणि मरियेचा चेहरा व वस्त्र कापलं गेलं. दुरुस्ती केलेले ते व्रण आजही ओळखता येतात. पट्टीवरच्या आणि शिखरांवरच्या काही लहान फळ्या पुढे विकल्या गेल्या आणि आज लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, फोर्ट वर्थ आणि माद्रिद इथे आहेत.

तुटण्याने काय गेलं ते लंडनमधल्या एका तुकड्यात दिसतं. त्यात जन्मांध माणूस दोनदा आहे. आधी येशू त्याच्या डोळ्यांना स्पर्श करतो, मग तो कारंज्यापाशी काठी सोडून वर पाहतो. एकट्या तुकड्यात तो कशाकडे पाहतो ते कळत नाही. मूळ पट्टीवर त्याच्या शेजारीच येशूच्या रूपांतराचं दृश्य होतं. दृष्टी मिळाल्यावर त्याने पहिल्यांदा पाहिलं ते तेजस्वी येशूला. 2024–25 मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन इथल्या सिएनाच्या कलेवरच्या प्रदर्शनात मागच्या पट्टीच्या उरलेल्या आठही फळ्या एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा हा क्रम पुन्हा नजरेत आला. नववी फळी हरवलेली मानली जाते.

पुढच्या वेळी कुठल्याही संग्रहालयात सोनेरी पार्श्वभूमीची एकटी फळी दिसली, तर चित्र पाहण्याआधी तिच्या कडा पाहाव्यात. कडेला करवतीच्या खुणा असतील, चौकट नंतर बसवलेली असेल, तर ती वेदीवरून सुटलेला भाग असण्याची शक्यता मोठी. मग ती सपाट किंवा अपुरी का वाटते, याचं उत्तर चित्रकाराच्या कौशल्यात न शोधता तिच्या डाव्या-उजव्या बाजूला आणि पाठीमागे काय होतं, तिथे शोधावं.